डाव्या खांद्याची बंदूक

"उजव्या खांद्याला लावते ती," हार्लन म्हणाला. बंदूक कोणत्या खांद्याला लावता, हा प्रश्न त्याच्या बायकोला, व्हर्नाला विचारला होता.

विचारणारा म्हातारा ओटिस बंदुका घडवायचा, आणि दर जूनमध्ये अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या या मेळ्यात घोंगडी अंथरून त्या मांडून बसायचा. इथे सगळे जुन्या शिकाऱ्यांसारखे चामड्याचे कपडे घालून येत, कापडी तंबूत राहत आणि ठासणीच्या बंदुकांनी नेम मारत. अठराशे चाळीसनंतरची वस्तू छावणीत दिसता कामा नये, असा नियम. तो पाळला जातो की नाही हे बघायला हार्लनच नेमलेला. त्याची स्वतःची प्लास्टिकची बर्फाची पेटी तंबूत घोंगडीखाली झाकलेली होती, ती गोष्ट वेगळी.

हार्लन वाईट माणूस नव्हता. खरं तर अडचण तीच होती. लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून बायकोला स्वतःची बंदूक घेऊन द्यायला तो तिला हाताला धरून घेऊन आला होता. तिच्या पायातले मऊ जोडे त्यानेच शिवलेले. तिला कॉफीत साखर किती लागते, हेही लोकांना तोच सांगायचा. "नशीब काढलंस गं," असं छावणीतल्या बायका म्हणत. व्हर्ना नुसती हसायची.

ओटिसने उत्तर ऐकलं, पण तो बघत होता व्हर्नाच्या डाव्या गालाकडे. डोळ्याच्या खाली तिळाएवढे पाच-सहा काळसर ठिपके होते.

"बंदुकीच्या दारूचे डाग ना हे, बाई?"

"माझ्याच बंदुकीचे," हार्लन घाईने म्हणाला. "नेम मारताना मी हिच्या डावीकडे उभा असतो, ठिणग्या उडतात. फार वाईट वाटलं हो मला. आता चांगला दोन पावलं लांब उभा राहतो."

"असं," ओटिस म्हणाला. व्हर्नाने तो गाल दुसरीकडे वळवला.

या बंदुकांची ठिणगी पाडून दारू पेटवणारी चकमक उजव्या अंगाला असते. उजव्या खांद्याला लावली तर ठिणग्या पलीकडे जातात, डाव्या खांद्याला लावली तर थेट डाव्या गालावर. व्हर्ना जन्माची डावरी. "डोळा जाईल तुझा," म्हणून हार्लनने पहिल्याच वर्षी तिला उजव्या खांद्याची सवय लावली, आणि तेव्हापासून तिचा नेम कधी धड लागला नाही. पण दर मंगळवारी तो गुरांचा खुराक आणायला गावात जायचा. तेवढा दीड तास ती गोठ्यामागे एकटी असायची, त्याची जुनी बंदूक डाव्या खांद्याला लावून. तिथे तिला कोणी काही शिकवत नसे. आठवड्यातला तेवढाच वेळ काय तो तिचा होता, आणि तो जाऊ नये म्हणून, डाग त्याच्याच बंदुकीचे आहेत, असं ती नवऱ्याशी खोटं बोलली होती.

ओटिसने मागच्या पेटीतून एक बंदूक काढली. तिची चकमक डाव्या अंगाला होती.

"एका डावऱ्या गिऱ्हाइकासाठी केली होती. तो न्यायलाच आला नाही."

हार्लन हसला. "हे काय उलटंच! त्या काळी असलं कोण करायचं?"

"तुमची बर्फाची पेटी करणारेच असतील," ओटिस म्हणाला.

हार्लनने ते हसण्यावारी नेलं. आधी त्याने स्वतः निवडलेली बंदूक व्हर्नाच्या उजव्या खांद्याला नीट टेकवून दिली. साठ पावलांवर तारेला एक लोखंडी तवा टांगला होता. तिने चाप ओढला. गोळी मागच्या मातीत गेली.

"होतं असं. आता ती उलटी पण उडवून बघ, हौस फिटू दे."

मुद्दाम चुकवायचं, असं व्हर्नाने मनाशी पक्कं केलं. मग बंदूक डाव्या खांद्याला बसली आणि गाल लाकडाला लागला, तसं तिला इतकं बरं वाटलं की चुकवायचं राहूनच गेलं. तवा खणकन वाजला.

हार्लन आ वासून बघत राहिला. ओटिसने बंदूक पुन्हा भरून दिली. तवा पुन्हा वाजला.

हार्लन तिच्याजवळ आला आणि तिच्या गालाकडे बराच वेळ बघत राहिला.

"माझ्या बंदुकीचे नाहीत हे."

"नाहीत," व्हर्ना म्हणाली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "गोठ्यामागे जाते मी. मंगळवारी, तू गावात गेलास की."

तो चिडला तर बरं होईल, असं तिला वाटलं. चिडलेल्या माणसाशी भांडता येतं. पण हार्लनचे डोळे पाण्याने भरले.

"अगं वेडे! एकटीच? आणि मी तिकडे खुराकाची पोती मोजत बसलोय!" त्याने तिला सगळ्यांसमोर मिठीत घेतलं. "ओटिस, हीच द्या. नियमाचं मी बघतो."

बाजूच्या तंबूंतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. ओटिसने वाजवल्या नाहीत.

नवी बंदूक आपल्या खांद्यावर टाकून हार्लन चालू लागला. दुसऱ्या हाताने त्याने व्हर्नाचा हात धरला होता.

"खुराक आता घरपोच मागवू. मंगळवारी मी येतो ना तुझ्याबरोबर. डाव्या हाताचं सगळं पहिल्यापासून शिकवतो तुला."

व्हर्नाने मोकळा हात त्याच्या खांद्यावरच्या बंदुकीकडे नेला.

"जरा माझ्याकडे दे ना ती," ती म्हणाली.

"राहू दे गं," हार्लन म्हणाला, "जड आहे."