कुजबुजही नको

मास्तरांच्या स्वरयंत्रावरचा कॅन्सर अगदी सुरुवातीलाच सापडला आणि डॉक्टरांनी लेझरने काढलाही. "आवाज वाचला, मास्तर! आजवर पोरांना गप्प बसवलंत, आता दहा दिवस तुम्ही बसा. कुजबुजही नको."

आई हाय खाईल म्हणून मास्तरांनी तिला काहीच कळवलं नव्हतं, ती जिच्याकडे राहायची त्या बहिणीलाही नाही. रोज संध्याकाळी आईचा फोन आला, की बायको सांगायची, "आई, ते कामात आहेत. मोकळे झाले की करतील." मास्तर शेजारीच बसून ऐकायचे.

अकराव्या दिवशी सकाळीच त्यांनी स्वतः फोन लावला. "ताई, आईला दे."

 

"आत्ताच गेली रे. रात्रभर एकच विचारत होती, 'माझं काय चुकलं, म्हणून तो बोलत नाही?'"