सात काळ्या रेघा

चौऱ्याण्णवावी पांढरी रेघ ओढून झाली तरी अल्विन टेशने ब्रश खाली ठेवला नाही. त्याने काळ्या रंगाचा डबा उघडला. आपल्या सायकलच्या दुकानातून तो त्याने मुद्दाम आणला होता. पांढऱ्या रेघांच्या खाली त्याने तेवढ्याच रुंदीची एक काळी रेघ ओढली. मग दुसरी.   ब्रश तो रागाने दाबून ओढत होता.

समोर टेबलावर लढाऊ विमानाच्या शेपटीचं सुकाणू उभं होतं. युद्ध संपता संपता कॅप्टन आर्नुल्फ गेस्नरचं विमान गावाबाहेरच्या शेतात आपटलं होतं, तो तेवढा वाचला, आणि पुढे अकरा वर्षं हा पत्रा एका शेतकऱ्याच्या खुराड्याला दार म्हणून लागला होता. कोंबड्यांनी त्याचा यथायोग्य मान राखला होता. आता गावाला अचानक अभिमान सुचला. पत्रा इथे, खाणावळीच्या मोठ्या खोलीत, टांगायचा ठरला. पाडलेल्या प्रत्येक विमानामागे एक रेघ, असा हवाई दलाचा रिवाज. अल्विन गेस्नरचा मेकॅनिक होता, तेव्हा त्या रेघा त्यानेच रंगवल्या होत्या. म्हणून त्या उजळायचं कामही त्याच्याकडेच आलं. अकरा वाजता गेस्नर स्वतः येणार होता. नव्या हवाई दलाने त्याला परत घेतलं होतं, पोरांना शिकवायला. 

विमानं जोडीने उडत. पुढचा गोळ्या झाडी, मागचा त्याची पाठ सांभाळी. मागच्याने पुढच्याला सोडायचं नाही आणि पुढच्याने मागच्याला वाऱ्यावर टाकायचं नाही, असा नियम. गेस्नरने त्यातला पहिला अर्धा भाग तेवढा पाठ केला होता. अल्विन तुकडीत असताना त्याचे सात जोडीदार गेले. सगळ्यात शेवटी ओटमार ल्यूडके, वय वर्षं एकोणीस. त्या दुपारी गेस्नर धावपट्टीवरून विमानाचे पंख हलवत गेला. पंख हलवले म्हणजे शिकार झाली. सगळ्यांनी टोप्या उडवल्या, अल्विननेही. मग कोणीतरी विचारलं, याच्या मागे कोण आहे? मागे कोणीच नव्हतं. तासाभरात अल्विन शेपटीपाशी बसून चौऱ्याण्णवावी रेघ ओढत होता. गेस्नरने खूश होऊन दिलेली कोन्याक ब्रँडीची बाटली त्याने घेतली, आणि प्यायलीसुद्धा. अकरा वर्षं त्याला गेस्नरचा राग होता, पण त्याहून जास्त त्या बाटलीचा होता.

ओटमारची बॅग त्यानेच त्याच्या घरी पोचवली. पुढे ओटमारच्या बहिणीशी, गेर्डाशी, लग्न केलं आणि सासूलाही इथेच राहायला आणलं. म्हातारीला एकच गोष्ट हवी होती: पोरगं कसं गेलं ते कोणीतरी सांगावं. पाहणारा माणूस एकच. दोन वर्षांपूर्वी ती प्लमचा केक बांधून घेऊन आगगाडीने हॅम्बुर्गला गेली, गेस्नरच्या दारात. त्याने तिला आतही बोलावलं नाही. फार पोरं आली आणि गेली, बाई, हे नाव काही आठवत नाही, एवढं बोलून त्याने दार लावून घेतलं. केक तसाच परत आला. आज ती काळे कपडे घालून सगळ्यांच्या आधी या खोलीत खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत येऊन बसली होती. जावयाने बोलावलं होतं.

सातवी काळी रेघ पुरी होत होती तेवढ्यात क्लूगे आला. हा बेकरीवाला आणि माजी वैमानिक मंडळाचा अध्यक्ष. युद्धभर विमानतळाच्या भटारखान्यात पाव भाजत होता, पण छाती वैमानिकापेक्षा दोन इंच जास्त फुगवायचा. आधी त्याने कामाची तारीफ केली. मग खाली नजर गेली आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला. चौऱ्याण्णवच्या एकशेएक कशा झाल्या, असं त्याने विचारलं.

"खालचे सात त्याच्या मागे उडत होते," अल्विन म्हणाला.

क्लूगेने त्याचं डोकं फिरल्याचं जाहीर केलं. पाहुणा दारात आलाय, टर्पेंटाइनने आत्ताच्या आत्ता पूस, नाहीतर या गावात तुझ्या दुकानाची पायरी कोणी चढणार नाही, असं बजावलं. मग पायी हिंडा सगळे, असं म्हणून अल्विन सुकाणूसमोर आडवा उभा राहिला. क्लूगेने स्वतःच चिंधी भिजवली, आणि तशी चिंधी हातात असतानाच गेस्नर आत आला.

क्लूगे माफी मागू लागला. गेस्नरने हातानेच त्याला गप्प केलं आणि अल्विनला बाजूला व्हायची खूण केली. अल्विन कसा कोण जाणे, जुन्या सवयीने बाजूला झाला आणि त्याचाही त्याला राग आला. दोन वर्षं घोकलेलं भाषण त्याच्या जिभेवर तयार होतं. विचार, तो मनात म्हणत होता, एकदा विचार की या रेघा कशाच्या आहेत.

गेस्नरने विचारलं नाही. हातमोज्याचं बोट एकेका काळ्या रेघेवरून नेलं. ओठ हलत होते. त्याची पाठ खुर्च्यांकडे होती, आणि तिथे कोण बसलंय हे त्याने पाहिलं नव्हतं.

"एक कमी आहे, टेश," तो म्हणाला. "पहिला तू तुकडीत यायच्या आधी गेला. शेवटचा ओटमार ल्यूडके. रेडिओवर मला हाका मारत होता. समोरचं विमान हातचं जाईल म्हणून मी वळलो नाही."