ब्रेक की पाय

गाडी तीन दिवस गॅरेजमध्ये होती आणि तिन्ही दिवस पहिल्यांदा सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी वागत होती. दाबला ब्रेक की थांबली. बाबांच्या हातात गेली की मात्र महिन्यातून एखाद्या वेळी ब्रेकचं पेडल लोण्यात बोट घातल्यासारखं आत जायचं. म्हणजे, असं बाबा म्हणायचे.

दादाचं म्हणणं, ब्रेक ठणठणीत आहे, पाय गेलाय. बाबांना साखर होती आणि दादाला मतं होती. दोन्ही जुनी दुखणी. कुठेतरी वाचून त्याने बाबांची एका पायावर उभं राहायची परीक्षा घेतली. बाबा मिनिटभर बगळ्यासारखे उभे राहिले. त्याहून सरळ कसं उभं राहतात ते दाखवायला गेलेला दादा चपलांच्या कपाटावर पडला. पाय कोणता, ते परीक्षेत विचारलेलं नव्हतं. बाबांनी डावा निवडला होता.

गेल्या आठवड्यात गाडी शेजाऱ्यांच्या फाटकातून अर्धी आत गेली आणि दादाने निकाल लावला. आज चार वाजता तो फोन करणार होता. ब्रेकमध्ये खोट निघाली तर गाडी बाबांची. नाहीतर आजपासून किल्ली त्याच्याकडे. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या बाबांनी यावर वाद घातला नाही. सकाळीच गॅरेजमध्ये येऊन बसले आणि धाकट्या लेकीला म्हणाले, "मिस्त्रीणबाई, जरा नीट बघा."

गॅरेज धाकटीचंच होतं. तिचं सगळं दोनदा बघून झालं होतं. तीन वाजता हात टेकून तिने विचारलं, फाटकाच्या आधी नेमकं काय झालं? बाबा म्हणाले, वळणावर खडी होती, कुत्रं आडवं आलं, कचकन दाबला, पायाखाली घरघर झाली. कुत्रं वाचलं. पुढच्या ब्रेकला पेडल मऊ.

"घरघर झाली, हे आधी का नाही सांगितलं?"

"मला वाटलं, कुत्रं."

धाकटीने गाडी मागच्या खडीवर नेली, वेग घेतला आणि कचकन दाबलं. चाकं घसरू न देणारा एबीएस घरघरला. तिने पुन्हा दाबलं. पेडल थेट तळाला.

 गेल्या उन्हाळ्यात ब्रेकचे पाइप तिनेच बदलले होते आणि मग ब्रेक ऑइलमधली हवा काढली होती, ती बाबांनी बसवर शिकवली तशी: एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाजवळची निपल उघडायची. बसला एबीएस नव्हता. इथे एबीएसच्या डब्यात हवा उरली होती. एबीएस चालला की ती बाहेर यायची, चारदा पेडल मारलं की परत दबून बसायची. म्हणजे घरातल्यांनी वर्षभर बाबांच्या पायाला बोल लावला तो तिच्या चुकीपायी. स्वतःची चूक सापडून इतका आनंद झालेला मिस्त्री दुसरा झाला नसेल.

"बाबा, पाय नाही. ब्रेकच आहे. आणि तो मी बिघडवलाय."

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग पुन्हा पुसला. म्हणाले, "दादाला मी सांगणार."

खडीवर आणखी पाच-सहा वेळा एबीएस घरघरवून तिने डब्यातली हवा बाहेर आणली, चाकं उतरवली आणि बाबांना पेडलवर बसवलं. लांबच्या चाकापासून सुरुवात.

"दाबा."

"दाबलं."

"धरा."

"धरलं."

निपल उघडली की नळीतून बाटलीत बुडबुडे यायचे. तीन चाकं झाली. तिने उठून ऑइल भरलं. तेवढ्यात बाबांनी पाय आखडून घेतला, मग पुन्हा ठेवला. उरलं ड्रायव्हरच्या दाराजवळचं चाक.

"दाबा."

"दाबलं."

तिने निपल उघडली. काही आलं नाही. गंजून तुंबली असेल म्हणून तार घालून बघितली. बाटली ढिम्म.

"दाबलंय ना?"

"दाबलंय म्हणजे काय. आता लागला बघ ब्रेक. दगड झालाय, दगड."

दार उघडंच होतं. धाकटीने बसल्या जागेवरून आत बघितलं. बाबांचा उजवा पाय पेडलच्या शेजारी, रबराच्या पायपुसण्यावर होता. अंगातलं सगळं बळ लावून ते गाडीची जमीन दाबत होते. मांडी थरथरत होती. चप्पल कधीच निसटून मागे राहिली होती.

फोन वाजला. बरोबर चार. तो डॅशबोर्डवर होता, बाबांच्या हाताशी.

"ऐक," बाबा म्हणाले, "ब्रेकच निघाला. हो, हो, ब्रेकच. हवा होती. तुझ्या बहिणीनेच ठेवली होती, तिलाच विचार."

धाकटीने पाना खाली ठेवला. हात आत घालून तिने त्यांचा घोटा धरला. धरून ठेवला. मग जरा दाबला, मग नखं उमटतील इतका. पाय हलला नाही.

"अरे, पायाला काय धाड भरलीय," बाबा वर हसत होते. "रविवारी ये, तुला फिरवून आणतो."