दोन घोट

“बाटली कुणी भरली होती?” नर्सने विचारलं आणि रादवाने बोट दाखवलं.

बोटासमोर तिची सासू बसली होती, उम्म हुसाम. बाकाच्या अगदी टोकाला, कुणी उठवलं तर चटकन उठता येईल अशी. तिने मान हलवली. हो, तिनेच भरली होती. तळणाचं जुनं तेल साठलं की ती घरीच साबण करायची. कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवून गार व्हायला ठेवायचा आणि उरलेलं पाणी सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरायचं. गल्लीतल्या सगळ्याच बायका तसं करायच्या. आज सकाळी रादवाच्या अडीच वर्षांच्या मुलाने, झियादने, ती बाटली तोंडाला लावली.

“किती प्याला?”

“एक घोट. एकच. मी लगेच हिसकावली,” रादवा म्हणाली.

तेवढ्यात आतून हाक आली. नर्स कागद तसाच घेऊन गेली. झियाद आत होता, घशात दुर्बीण घालून बघणार होते.

“किती वेळा सांगितलं तुम्हाला,” रादवा सासूला म्हणाली. बाकावरचे सगळे ऐकत होते, तिला त्याचं भान नव्हतं. “बाटलीवर एक चिठ्ठी तरी चिकटवायची.”

“त्याला कुठे वाचता येतं, पोरी.”

“तुम्हाला तरी कुठे येतं?”

कुवेतमध्ये असलेल्या नवऱ्याशी रादवा मघाशीच फोनवर बोलली होती. दोघांचं जे ठरलं ते तिने सासूला तोंडावर सांगून टाकलं. उद्याच तुम्ही तुमच्या लेकीकडे इस्माइलियाला जायचं. झियाद घरी येईल तेव्हा तुम्ही त्या घरात नसाल.

“बघायला येऊ ना पण? शुक्रवारी?”

रादवाने आतल्या दाराकडे तोंड वळवलं.

शेजारी फाकूसहून आलेली एक बाई बसली होती. मांडीवर चार वर्षांची, काडीसारखी मुलगी. “साबणाचंच ना तुमचंही?” बाई म्हणाली. “आमचंही तेच. ही सोळावी खेप. घशात नळी घालून अन्नाचा रस्ता रुंद करतात, महिन्याभरात परत आवळतो. डाळीचं पाणी गाळून देते, तेही कधी जातं, कधी परत येतं. मागच्या ईदला पाहुणे म्हणाले, पोरगी किती शहाणी, काही मागतच नाही.”

मुलीने आईच्या बांगडीशी चाळा चालवला होता.

“आमचं तसं नाही होणार,” रादवा घाईने म्हणाली. सकाळपासून ही एकच गोष्ट तिने घट्ट धरून ठेवली होती. “मी तिथेच होते. एक मिनिट वाया घालवलं नाही. सासूबाईंनी नुसता आरडाओरडा केला, मी लगेच व्हिनेगर पाजलं, चांगला अर्धा पेला. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी होतं, दोघांचाही जोर जातो. मी शाळेत हेच शिकवते.”

बाईने तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग खाली वाकून ती मुलीच्या चपलेचा पट्टा लावू लागली. पट्टा लावलेलाच होता.

रादवाला ते दिसलं. तिला सगळंच दिसायचं, मुलाची नखं किती वाढली, दूध किती उरलं. पट्टा पुन्हा काढून पुन्हा लावला जाताना ती बघत राहिली, आणि तिला वर्गातलं काचेचं भांडं आठवलं. दरवर्षी ती त्यात दोन्ही द्रावणं ओतायची आणि मुलांना सांगायची, बाहेरून हात लावून बघा. मुलं हात लावायची आणि हसत मागे घ्यायची. गरम लागायचं.

दार उघडलं. डॉक्टर तरुण होता, दमलेला होता. हातात झियादचा शर्ट होता.

“याला व्हिनेगरचा वास येतोय. कुणी पाजलं?”

रादवा त्या शर्टाकडे बघत राहिली.

“नुसत्या एका घोटावर कदाचित तोंड आणि थोडा घसा यावर निभावलं असतं,” डॉक्टर म्हणाला. “वरून व्हिनेगर पडलं, ते आत तापलं, मग उलटी झाली. जे एकदा भाजायचं ते जाताना आणि येताना असं दोनदा भाजलं. अन्ननलिका खालपर्यंत भाजलीय. पुढची कित्येक वर्षं इथे यावं लागेल. कुणी पाजलं ते मला लिहायचंय.”

“मी,” उम्म हुसाम म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती. रादवाकडे तिने पाहिलंही नाही.

“बाटली माझी, व्हिनेगरही मीच पाजलं. मला काय कळतंय त्यातलं? त्याच्या आईला यात ओढू नका. त्याला आता आईच लागणार.”

फाकूसच्या बाईने मुलीला छातीशी ओढलं आणि भिंतीकडे बघितलं.

“आजी, काय केलंत हे,” डॉक्टर म्हणाला. त्याने लिहिलं. मग तो रादवाकडे वळला. “आई तुम्हीच ना? शिकलेल्या दिसता. तुम्ही कुठे होतात त्या वेळी?”

उम्म हुसाम अजून उभीच होती. हात पुढे बांधलेले, मान खाली, एखाद्या परीक्षेत नापास झालेल्या मुलीसारखी.

“मी शाळेत होते,” रादवा म्हणाली. “विज्ञान शिकवते.”