हळदीचा हात

वैजूला हळद लावायला पाहुण्या बायका पुढे येत, आंब्याच्या पानाचं टोक तेवढं तिच्या खांद्याला टेकवत आणि झटकन मागे सरत. पुरातून निघून शाळेतल्या छावणीत दाटीवाटीनं राहायला लागल्यापासून तिथल्या सगळ्यांनाच खरूज झाली होती. नवरीचे तर हातपाय फोडांनी भरले होते.

तिच्या आईला त्याच पुरानं नेलं होतं. आता वर्षाच्या आत लग्न उरकायला हवं, म्हणून मामांनी छावणीतच हळद मांडली. वैजू दुसऱ्याचं सामान राखत बसावं तशी पाटावर बसली होती.

"पदर सांभाळ गं, लागेल तिची," गावाहून आलेली आत्या शेजारणीच्या कानात म्हणाली, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. वैजूला त्याचंही काही वाटलं नाही.

एवढ्यात छावणीत तिच्या शेजारच्या चटईवर झोपणारी हौसाकाकू उठली. "सरका जरा. पोरीला हळद लावताय की लांबून भिंतीला चुना फासताय?" पान बाजूला टाकून तिनं ओंजळभर हळद उचलली.

"अहो, तुम्हालाही होईल," आत्या म्हणाली.

"व्हायचं काय राहिलंय? मीपण हिच्यासारखीच रात्रभर खाजवते."

काकूनं दोन्ही हातांनी वैजूच्या गालांवर, मानेवर, फुटलेल्या दंडांवर हळद चोळली. वैजूनं डोळे गच्च मिटले.

"झोंबतंय का गं?"

"हो," वैजू म्हणाली, आणि मागे जाणारा काकूचा हात तिनं धरून ठेवला.