झुडपातलं उत्तर

बायकोशी भांडून, तीन विमानं बदलून या रानात आलेल्या फोटोग्राफरने कापडी आडोशात बसून मोबाइलवर त्या दुर्मिळ पक्ष्याच्या मादीचा आवाज लावला. समोरच्या झुडपातून लगेच उत्तर आलं.

"ऐकलंत? जवळ येतोय बेटा!" कॅमेरा सरसावत तो वाटाड्याच्या कानात पुटपुटला.

वाटाड्या पांढराफटक पडला. "बंद करा ते, साहेब. याचा नर कधी उत्तर देत नाही, मुकाट चालत येतो. हा चोरटा शिकारी आहे. आपल्यालाच पक्षी समजून बोलावतोय."

फांद्यांतून आधी जाळं दिसलं, मग बंदूक.

फोटोग्राफरने झटकन मोबाइल बंद केला. "ओरडून सांगू का, आम्ही माणसं आहोत म्हणून?"

"नका हो! हातात कॅमेरा आहे तुमच्या. जिवंत तो फक्त पक्ष्यांना पकडतो."