शेवटच्या व्हॉल्व्हचा आवाज

“बाबा, जोरात वाजवा ना! पाहुण्यांसमोर बसल्यासारखं काय वाजवताय?” ओवी वैतागून म्हणाली.

गुंजाळांच्या ऑर्केस्ट्राच्या काळातल्या गिटार-अ‍ॅम्पचा, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्राचा, शेवटचा काचेचा दिव्यासारखा व्हॉल्व्ह लुकलुकत होता आणि तसला दुसरा कुठे मिळत नव्हता. तो जायच्या आत लेकीला त्या अ‍ॅम्पचा आवाज डिजिटल पेटीत उतरवून घ्यायचा होता, म्हणजे पुढे अ‍ॅम्पशिवायही गिटार तशीच वाजली असती. त्यासाठी आधी इनपुट लेव्हल, म्हणजे पेटीत शिरणाऱ्या आवाजाची पातळी, लावायची, आणि तीही अशी की सगळ्यात जोरदार फटक्यालाही लाल दिवा पेटता कामा नये. ती चुकली, तर पेटीत कायमची खरखरच राहणार.

पण तपासणी म्हटली की गुंजाळ एकदम सभ्य होत.

शेवटी ओवीची आई कणकेच्या हातांनी दारात आली. “अहो, तुमच्या ऑर्केस्ट्रातल्या त्या दुसऱ्या गिटारवाल्या नाडकर्णींना बोलवू का? त्यांचा हात चांगला जड होता.”

गुंजाळांनी तारांवर असा फटका मारला की लाल दिवा भक्कन पेटला. ओवीने झटकन लेव्हल खाली घेतली. “आई, अजून एकदा!”

“दिसायलाही बरे होते हो.”

या फटक्याला खिडकीची काच थरथरली, पण दिवा हिरवाच राहिला. ओवीने बटण दाबलं. पेटीने आवाज पुरता टिपला आणि व्हॉल्व्ह शांतपणे विझला.

गुंजाळांनी गिटार अ‍ॅम्पऐवजी पेटीला जोडली, पेटी स्पीकरला, आणि तारा छेडल्या. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचा लगेच ओरडा आला, “अहो गुंजाळ, तो खटारा आज कायमचा बंद पडणार होता ना?”

“ओळखला!” गुंजाळ नाचायलाच लागले. “त्याने आवाज ओळखला!”